आमच्या स्कॉटिश सरदाराची खंडेनवमी

माझ्या सगळ्या नोकरीत मला लाभलेलं सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक म्हणजे एक स्कॉटिश सरदार. काम कुठवर आलं म्हणून त्याने कधी फोन केला नाही, कुठल्या गोष्टीवर हुज्जत घातली नाही, आणि इतक्या वर्षांत एकदाही कूस बदलली नाही. त्याला मरून कित्येक शतकं झाली आहेत. बॉनच्या जवळ, ऱ्हाइनच्या काठावरच्या एका लहानशा गावातल्या चर्चमध्ये तो दगडाचा होऊन उताणा पडलेला आहे. डोक्याखाली दगडी उशी, कमरेला तलवार, छातीशी धरलेला झाकणाचा पेला आणि पायाशी कुत्रा. या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकजण निवृत्त झालं, ती मी. तो अजून हजेरीवर आहे.

माझा धंदा काय हे आधी सांगते, कारण पुण्यातल्या नातेवाइकांना तो शेवटपर्यंत कळला नाही. आमचे हे बॉनमधल्या एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होते. त्यांच्यामागून मी इथे आले तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्रातली एमएस्सी होती आणि तिचं काय करायचं हे इथल्या कुठल्याच आम्टला, म्हणजे सरकारी कचेरीला, सांगता येत नव्हतं. जर्मन शिकता शिकता जुन्या दगडी मूर्ती आणि थडगी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी उमेदवारी धरली आणि तिथेच चिकटले. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मूर्ती घासतेस?”

घासत नाही. घासणं हा आमच्यात गुन्हा आहे. दगड आजारी पडतो तो बहुतेक वेळा मिठाने. जमिनीतली ओल भिंतीतून, चौथऱ्यातून वर चढते, तिच्यात विरघळलेले क्षार दगडात शिरतात आणि ओल सुकली की आतल्या आत त्यांचे खडे होतात. ते खडे दगडाला आतून ढकलतात. मग नाकाचा शेंडा, बोटाचं पेर, झग्याची चुणी असं एकेक पिठासारखं गळायला लागतं. इथली चर्चं रविवारी तापवतात आणि बाकी आठवडाभर गार ठेवतात, त्यामुळे ही ये-जा चालूच राहते. त्यावर आमचं औषध म्हणजे लेप. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवायचा, दगडावर जाड थापायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना तो क्षार ओढून घेतो. मग अलगद सोलायचा आणि पुन्हा नवा थापायचा. महिनोन्‌महिने हेच. उटणं लावून कुणाला तरी बसवून ठेवावं आणि त्याने हूं की चूं करू नये, असं हे काम आहे.

दुसरा नियम असा, की दगडाला उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेल आणि घाम दगड पिऊन टाकतो. ‘कृपया स्पर्श करू नये’ ही जर्मन पाटी त्या चर्चमध्ये मी स्वतः लावली, आणि शाळेच्या परीक्षेआधी कुत्र्याच्या नाकाला हात लावून जाणाऱ्या गावातल्या पोरांची बोलणी मी अनेक वर्षं खाल्ली.

गिऱ्हाइकांचे नमुने या धंद्यातही भेटतात. एका जमीनदाराच्या वारसाला पणजोबांच्या पुतळ्याचं गेलेलं नाक नवं करून हवं होतं आणि नमुना म्हणून त्याने स्वतःचा फोटो पाठवला. एका गावाला देवदूत ‘स्वच्छ’ म्हणजे पांढरा हवा होता. आमच्या सरदाराला भेटायला दर उन्हाळ्यात एक स्कॉटिश गृहस्थ चौकड्यांचा घागरा घालून येत आणि हा आपला पूर्वज आहे असं ठणकावून सांगत. सरदाराला मूलबाळ असल्याची नोंद कुठेही नाही, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. इतक्या लांबून येणाऱ्या माणसाचा पूर्वज कशाला काढून घ्यायचा.

सरदाराचं नाव ॲलन. आडनाव असलेला कडेचा लेख मिठाने खाल्ला. उरलेल्या लॅटिन लेखात एवढंच आहे, की तो स्कॉटलंडचा, राजाच्या सेवेत होता आणि वाटेत वारला. बाकी हकीकत बॉनच्या विद्यापीठातल्या एका इतिहासाच्या बाईंनी तिकडचे जुने कागद धुंडाळून जमवली. ती मी इतक्या जणांना सांगितली आहे, की आता मला ती घरातल्याच कुणाची तरी वाटते.

लहानशा जहागीरदाराचा हा धाकटा मुलगा. जमीन थोरल्याला जाणार, म्हणून याला पोरवयातच दरबारात पाठवलं. पहिलं काम, राजाच्या जेवणाआधी त्याच्या हातावर पाणी घालायचं. मोठा झाल्यावर पेला आला. राजाला मद्य द्यायचं आणि देण्याआधी त्यातला घोट स्वतः घ्यायचा. रोज, प्रत्येक जेवणाला. पुढे राजा लढाईत शत्रूच्या हाती सापडला. त्याला सोडवताना बदल्यात जे ओलीस पाठवले त्यांत हाही होता. राजा घरी गेला आणि हा परमुलखात राहिला, चांगली उमेदीची वर्षं. परत आला तोवर तो राजा वारला होता आणि गादीवर दुसरा होता. याने दुसऱ्याला पेला दिला. म्हातारपणी त्या दुसऱ्या राजाने त्याला काहीतरी कामगिरी देऊन रोमला धाडलं. काम फत्ते झालं की नाही ठाऊक नाही. परतताना ऱ्हाइनवरच्या नावेत तापाने फणफणला, नावाड्यांनी त्याला या गावात उतरवलं आणि तो इथेच गेला. मूर्तीचा खर्च राजाने केला म्हणतात. तेवढी तरी जाण त्याने ठेवली.

आता मुख्य गोष्ट. मी ॲलनचं काम हातात घेऊन काही वर्षं झाली होती. लेपांनी क्षार उतरत होते, पण चर्चची ओल थांबत नव्हती. गावातली माणसं चर्चला यायची कमी झाली होती, दार आठवडाभर कुलूपबंद असायचं. स्मारक खात्यात असं ठरत आलं होतं, की मूर्ती उचलून शहरातल्या संग्रहालयाच्या डेपोत ठेवावी. डेपो म्हणजे तळघर. हवा कोरडी, तापमान कायम एक, मूर्तीवर प्लॅस्टिक आणि लाकडी खोक्यावर क्रमांक. दगडाच्या दृष्टीने त्यात चूक काही नव्हती, हे मला कळत होतं. पण राजाच्या पायाशी आयुष्य काढलेल्या आणि शेवटी एका अनोळखी गावाने ठेवून घेतलेल्या माणसाला खोक्यात घालायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. खात्याचे हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर शेवटची पाहणी करायला येणार होते. त्यांच्या अहवालावर सगळं अवलंबून होतं.

त्याच सुमाराला आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. पाहणीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी चहा पिताना आई म्हणाल्या, “तुझी हत्यारं कुठायत? घरात एक पकड आणि कात्री सापडली फक्त. नवऱ्याचा लॅपटॉप मांडलाय मी पाटावर.”

“माझी सगळी चर्चमध्ये आहेत, आई.”

“मग तिथे जाऊ. ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा नको करायला?”

आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, की आजी स्क्रूड्रायव्हरची प्रार्थना करते हे ती शाळेत सांगणार आहे. आईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मी त्यांना घेऊन गेले. पिशवीत हळदीकुंकवाची डबी, अक्षता, गूळ आणि बाल्कनीतल्या कुंडीतली झेंडूची फुलं. चर्चच्या किल्ल्या फ्राऊ थाइसेन नावाच्या बाईंकडे असायच्या. त्या तिथल्या मेणबत्त्या, फुलं, घंटा, झाडलोट सगळं पाहायच्या. आईंच्याच वयाच्या, आईंसारख्याच बुटक्या आणि आईंसारख्याच कुणाचं न ऐकणाऱ्या. माझी हत्यारं, म्हणजे छोट्या सुऱ्या, कुंचले आणि लाकडी उलथनी, एका बाकावर मांडली. आईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, फुलं घातली. मग मूर्तीकडे बघत म्हणाल्या, “हा कोण?”

मी त्यांना ॲलनची सगळी कथा सांगितली. पेल्याशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“आधी हा प्यायचा? म्हणजे विष असलं तर हा मरणार.”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“आणि बायको?”

“असेल. कागदात उल्लेख नाही.”

“उल्लेख कसला नाही. ती बसली असेल तिकडे वाट बघत.” आई मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “याचं इथे कोण करतं?”

“कोणी नाही, आई. मी लेप लावते तेवढंच.”

एवढ्यात माझा फोन वाजला. हेर क्रेमर उद्या किती वाजता येणार, ते सांगायला त्यांच्या कचेरीतून फोन होता. आत आवाज नीट येत नव्हता म्हणून मी बाहेर गेले. आठवड्याभराच्या नोंदींबद्दल बोलणं थोडं लांबलं. परत आले तर दोन म्हाताऱ्या सरदाराच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. फ्राऊ थाइसेनच्या हातात फुलदाणीत पाणी घालायची छोटी झारी होती. आईंच्या हातात डबी होती. सरदाराच्या पेल्यावर झेंडूचं फूल होतं. आणि तलवारीच्या मुठीवर, उघड्या, सच्छिद्र, मी वर्षानुवर्षं मिठातून सोडवलेल्या दगडावर, पाण्यात कालवलेली हळद आणि वर कुंकू.

मी जवळजवळ ओरडलेच. “अहो आई, हे काय केलंत?”

“तलवारीची पूजा. आज खंडेनवमी ना?” त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. आईंचं माहेर साताऱ्याकडचं. त्यांच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. त्याचं नाव गावात कुणाला ठाऊक नाही, पण दर खंडेनवमीला त्याच्या तलवारीला हळद लागते. लहानपणापासून त्या ती लावत आल्या होत्या. दगडातला माणूस, कमरेला तलवार, मागे कोणी करणारं नाही. आईंच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं.

मी फ्राऊ थाइसेनकडे वळले. “तुम्ही तरी थांबवायचं.”

“हो, पण त्या प्रार्थना करत होत्या,” त्या म्हणाल्या. “मी चर्चमध्ये प्रार्थना कशी थांबवू? त्यांना पाणी हवं होतं. मी दिलं.”

एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला जर्मन. पण पाणी मात्र बरोबर मागितलं गेलं होतं आणि बरोबर दिलं गेलं होतं.

हळदीचं रसायन मी एमएस्सीला शिकले होते, ते असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. क्षार काढायला आम्ही कधीकधी वापरतो ती औषधं लावली, तर हळद लाल होणार. स्पिरिट लावलं तर ती पसरून आणखी आत जाणार. कोरड्या कुंचल्याने कुंकू बरंचसं उचललं, पण पिवळा डाग जसाच्या तसा राहिला. त्याला एकच खरा उपाय होता, उजेड. उन्हात टाकलेल्या साडीवरची हळद जशी उडते, तशी. पण ते व्हायला आठवडे लागणार होते आणि क्रेमर उद्या येणार होते. घरी आल्यावर आईंनी ह्यांना विचारलं, “तिची नोकरी जाईल का रे?” ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, आणि माझा राग होता तिथेच विरला. आता काळजी वाटायला लागली ती सरदाराची आणि आईंची, दोघांचीही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आई म्हणाल्या, “मी येते. मी केलंय, मी सांगते.” मी नको म्हटलं, पण त्या नेसून तयार होत्या.

हेर क्रेमर उंच, सडपातळ आणि फार कमी बोलणारे. त्यांनी काही विचारण्याआधीच मी डाग दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. ते वाकले, भिंग लावून पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, “कुर्कुमा?”

“हो. हळद.”

“तुमच्या सासूबाईंना विचारा, का?”

मी विचारलं. आई त्यांच्याकडे बघून मराठीतच बोलल्या आणि मी एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत गेले. “याने जन्मभर दुसऱ्याची चाकरी केली. स्वतः आधी प्यायला आणि मग राजाला दिलं. परमुलखात मेला. मागे कोणी नाही. काल शस्त्रांचा दिवस होता. याच्या तलवारीकडे कुणी बघितलं असतं? दगड खराब होतो हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पाटावर फूल ठेवलं असतं. पण ठेवलं असतं.”

क्रेमरनी विचारलं, “हे तुम्ही दरवर्षी करता?”

“दरवर्षी म्हणजे काय, ते चुकवून कसं चालेल?” आई म्हणाल्या.

फ्राऊ थाइसेन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर. आणि पुढच्या वर्षी पाटाची सोय मी करीन.”

क्रेमरनी चौथऱ्याची ओल मोजली, माझ्या नोंदी चाळल्या, खिडक्या पाहिल्या. जाताना मला दाराशी म्हणाले, “हळद चांगली आहे असं मी लिहू शकत नाही, फ्राऊ देवधर. पण याला भेटायला कुणी येत नाही, असं मी आजवर समजत होतो. ते आता मला लिहिता येणार नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. सरदार चर्चमध्येच राहिला. चौथऱ्याखाली ओल अडवणारा थर घालायला परवानगी मिळाली, दार रोज काही तास उघडं ठेवायचं ठरलं, आणि अहवालात एक अट आली, की मूर्तीवर कोणत्याही प्रकारचा मसाला लावू नये. ती अट मी आईंना वाचून दाखवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं.”

पुढच्या वर्षीपासून खंडेनवमीला ॲलनसमोर एक लाकडी पाट मांडला जाऊ लागला. त्यावर झेंडू, माझी हत्यारं आणि गूळ. आधी आमचंच घर, मग बॉनमधली चारदोन मराठी कुटुंबं, मग गावातली मंडळीही. कुणाचे लॅपटॉप, कुणाचा स्टेथोस्कोप, फ्राऊ थाइसेनचा किल्ल्यांचा जुडगा. आमच्या मुलीच्या वर्गातली पोरं पेन्सिली घेऊन यायची. तिथले पाद्रीबुवा या दिवसाला ‘तलवारीचा सण’ म्हणायचे. आई पुण्याहून दरवर्षी फोनवर विचारायच्या, “सरदारांचं केलंत ना?” त्या त्याला कधी नुसतं ॲलन म्हणाल्या नाहीत.

तो पिवळा डाग दक्षिणेकडच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने हळूहळू फिका होत गेला आणि एक दिवस मला दिसेनासा झाला. मी तो विसरले. फ्राऊ थाइसेन गेल्या. घागरेवाले स्कॉटिश गृहस्थ यायचे थांबले. तीन वर्षांपूर्वी आई गेल्या, अचानक. विमान, तिकीट, मुंबईहून पुण्याची गाडी, सगळी धावपळ करून मी पोचले, तेव्हा घरात त्यांच्या जागी फक्त दिवा लावलेला होता. त्यांच्या पायाला हात लावायचा राहून गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांची साडी आणली, डबी आणली. पण साड्यांना घड्यांचा वास येतो, माणसाचा नाही.

यंदा निवृत्तीआधी शेवटची पाहणी केली. काही वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली आणि आता माझ्या जागी येणारी लेना बरोबर होती. तिने कोलोनमध्ये रीतसर शिक्षण घेतलंय आणि ती माझ्यापेक्षा व्यवस्थित आहे. मूर्तीवर काळ्या कापडाचा तंबू घालून आत अतिनील दिवा फिरवायचा, ही आमची नेहमीची तपासणी. त्या उजेडात जुना डिंक, मेण, कुणी केलेली दुरुस्ती वेगवेगळ्या रंगांनी चमकते आणि डोळ्यांना एरवी न दिसणारं दिसतं. गेल्या वेळी खात्याच्या दुसऱ्या कुणी ती केली होती, फक्त चेहऱ्याची आणि हातांची. आम्ही यंदा सगळा सरदार तपासला. लेना दिवा धरून तलवारीपाशी आली आणि थांबली.

“हे काय आहे?”

मुठीच्या आडव्या दांडीखाली एक खोबण आहे. खिडकीचं ऊन तिथे कधीच पोचलं नव्हतं. त्या खोबणीत एक हिरवट पिवळा ठिपका चमकत होता. ठिपका म्हणजे लांबट, खालच्या बाजूला जरा पसरलेला, बाजूने वाकून अनामिकेने हळद टेकवावी आणि बोट किंचित घसरावं, तसा. त्यात रेषासुद्धा दिसत होत्या.

“बोट आहे हे कुणाचं तरी,” लेना म्हणाली.

“माझ्या सासूबाईंचं,” मी म्हटलं.

तिला सगळं माहीत होतं, दरवर्षी पाटाशी ती गूळ खाते. पण कामाचा म्हणून प्रश्न विचारणं भाग होतं, तो विचारला. “काढायचं का?”

“नाही. दगडाला त्याने काही होत नाही. आणि ऊन तिथे येत नाही.”

मग मी उजव्या हाताचा हातमोजा काढला. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला उघडा हात लावला नव्हता. दुसऱ्यांनी लावला तर त्यांना रागावले होते. त्या अंधारात मी वाकले आणि आईंच्या बोटावर माझं बोट टेकवलं. दगड गार होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

नियमाप्रमाणे लेनाने मला थांबवायला हवं होतं. तिने दिवा तसाच धरून ठेवला, माझं होईपर्यंत.